गावच्या कामांची कंत्राटे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कामाचे अंदाजपत्रक साध्या ग्रामस्थाला मिळते का?

उत्तर : मिळते. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

प्रश्न : सरपंचांच्या भावाला कंत्राट मिळाले. त्यामुळे सरपंचपद आपोआप जाते म्हणतात, खरे का?

उत्तर : आपोआप काही जात नाही. पारावरचे ऐकून तक्रारी ठोकू नका. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात. नुसते नाते सांगून भागत नाही, हितसंबंध कागदावर दाखवावा लागतो. अर्जाआधी वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : काँक्रीटचा रस्ता सहा महिन्यांत उखडला. बिल केव्हाच निघाले. आता काय करावे?

उत्तर : दर आठवड्याला हेच पत्र येते, आणि दर वेळी बिल निघाल्यावरच येते! रस्ता ओतला जात होता तेव्हा गाव कुठे होते? समजा, अंदाजपत्रकात 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड रस्ता आहे. म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. जाडी 10 सेंटीमीटरच भरली तर 30 घनमीटरच लागते. रक्कम मात्र 45 ची निघते, कारण एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, 15 लिहिलेले असते. वरून रस्ता गुळगुळीतच दिसतो. काँक्रीट अडवायला फळ्या लावलेल्या असतात तेव्हा कडेला पट्टी धरली की दोन मिनिटांत कळते.

माहितीच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, काँक्रीट दोन दिवसांत ओतून होते. म्हणून कामाला मंजुरी मिळताच अंदाजपत्रक मागून ठेवा. 2005 च्या कायद्यात माहितीच्या अधिकारातच कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे येते. तेही अर्जात लिहा. तुमच्या रस्त्यासाठी आज एम.बी., अंतिम देयक आणि करारनामा मागा. दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने सुधारून देण्याची, मुदत शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. स्वतः पहार घेऊन रस्ता खणू नका. जाडीची तपासणी अभियंत्यासमोर, पंचनामा करूनच व्हावी.

प्रश्न : एकाच गटाराची तीन कामे दाखवली आहेत. हे चालते का?

उत्तर : ई-निविदेची मर्यादा, म्हणजे ज्या रकमेवरच्या कामाला ऑनलाइन निविदा काढावी लागते ती रक्कम, चुकवायला तुकडे पाडले असतील तर चालत नाही. तिन्ही कार्यारंभ आदेशांवरची तारीख, जागा आणि ठेकेदाराचे नाव शेजारी ठेवून पाहा. मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आली आहे. मंजुरीच्या दिवशी कोणती लागू होती, हे पंचायत समितीत विचारून घ्या.

प्रश्न : ‘फाइल काढून देतो’ म्हणून एकाने पाच हजार मागितले. द्यावेत का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. पंचायतीचे जमाखर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर फुकट दिसतात. उरलेले कागद अर्जाने मिळतात. नकार आला तर 30 दिवसांच्या आत पहिले अपील करा.