वाचक विचारतात : सरकारनं हात आखडला तर?

प्रश्न : सर, आमच्या कॉलनीत चार-पाच गच्च्यांवर सोलर बसलंय. कूलरच्या दिवसांत आमचं वीजबिल बघवत नाही. केंद्राच्या योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात म्हणून माझी तयारी आहे. मुलगा म्हणतो, "आई, पॅनेल स्वस्त होतच चाललेत, थांब. आणि उद्या सरकारनं सगळंच गुंडाळलं तर?" बाहेरच्या देशांत असं कुठं झालंय का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : झालंय, ताई. स्पेनचंच घ्या. 2007 मध्ये तिथल्या सरकारनं सौर विजेला इतका चढा दर 25 वर्षांसाठी कबूल केला, की लोकांनी कर्जं काढून पॅनेल लावले. 2008 साली जगात सर्वांत जास्त सोलर तिथंच बसलं. मग देणं झेपेना. नव्यांचा दर उतरवलाच, पण 2010 पासून ज्यांचे पॅनेल आधीच बसले होते त्यांच्या पैशालाही कात्री लागली. बँकेचे हप्ते मात्र होते तेवढेच.

पण चिरंजीवांना सांगा, तिथं पुढच्या वर्षांचा वायदा होता, तुमच्या हाती पडणार ती रोकड. जोडणी होऊन तपासणी झाली की पैसे खात्यात, विषय संपला. तुमची खरी दोरी आहे नेट मीटरिंगच्या हाती. दुपारी बाहेर गेलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करण्याचा तो हिशेब राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. बातम्यांत लक्ष ठेवायचं तर त्याच्यावर ठेवा.

आता स्वस्ताईचं. पॅनेल आपोआप स्वस्त झाले नाहीत. जर्मनीनं 2000 साली कायदा करून सौर विजेला 20 वर्षं बांधलेला दर दिला. आपल्या उन्हापुढं त्यांचं ऊन ते काय, तरी लोकांनी छपरं भरून टाकली. पैसा आला सर्वसामान्यांच्या वीजबिलावरच्या अधिभारातून. तो थेट 2022 मध्ये उठला. त्या मागणीवर चीननं कारखाने टाकले, तेही सरकारी आधारानं, आणि भाव कोसळले. आपल्याकडं 2010 मध्ये सौर प्रकल्पांच्या लिलावात विजेच्या युनिटचा दर सरासरी 12 रुपयांच्या आसपास होता. 2017 मध्ये राजस्थानात भडल्याला तो 2 रुपये 44 पैशांवर आला. जर्मन गृहिणीनं भरलेल्या बिलाचा फायदा आपण घेतोय, असं म्हणा हवं तर.

म्हणून आता थांबून फार हाती लागेल असं मला वाटत नाही. सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग, मजुरी हा खर्च पॅनेलबरोबर उतरत नाही. शिवाय सबसिडी हवी तर पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, ते चिनी मालापेक्षा महाग पडतात. म्हणजे 78,000 तला काही वाटा देशी कारखानदाराचा. माझी हरकत नाही, पण आपल्याला माहीत असावं.

आणि विक्रेता "सोलापूरचं ऊन कडक, वीज धो-धो" म्हणाला तर नुसती मान डोलवा. पॅनेलवर लिहिलेली क्षमता पॅनेल 25 अंशांवर असतानाची असते. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. भर दुपारी 14 टक्के अशीच गेली! सांगाडा गच्चीपासून चांगला उंच घ्यायला लावा, खालून वारा खेळू दे. धूळ सकाळी लवकर धुवा, तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

प्रश्न : घराला सबसिडी, मग यंत्रमागाच्या शेडला का नाही?
— एक टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : ती योजना घरगुती ग्राहकांचीच आहे. धंद्याला सरकार दुसऱ्या दारानं देतं : सोलरवर आयकरात 40 टक्के घसारा, म्हणजे दरवर्षी त्याच्या उरलेल्या किमतीचा 40 टक्के भाग खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. ज्याला भरपूर कर बसतो त्याची चंगळ. आठ-दहा माग चालवणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही, हे मला खटकतं. सीएकडून हिशेब करून घ्या, आणि शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते बदलायचा खर्च आधी धरा.