सभेच्या दारापर्यंत

प्रश्न : माझे वय ५२ असून मी नागपुरात शासकीय नोकरीत आहे. गेली दहा-बारा वर्षे रोज संध्याकाळी किमान एक क्वार्टर होते आणि अलीकडे सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो. दारू सोडलेल्या लोकांच्या सभा भरतात असे ऐकून आहे. परंतु त्या शोधायच्या कुठे, तिथे गेल्यावर करायचे काय आणि ओळखीचे कोणी भेटले तर काय, या विचाराने पाऊल उचलत नाही. पत्नीलाही काही मदत मिळू शकेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सभेआधी त्या चहाच्या कपाविषयी बोलू. सकाळी हात थरथरणे ही शरीर दारूवर अवलंबून असल्याची खूण असू शकते, आणि अशा अवस्थेत केवळ निर्धाराच्या बळावर एका दिवसात दारू बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा व पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांच्या मनोविकार विभागात, नाहीतर एखाद्या खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. रोज किती पिता हे सांगताना मात्र संकोचाने आकडा निम्मा करू नका, कारण थरथर आणि आकडी टाळण्यासाठी द्यायच्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.

तुम्ही ऐकलेल्या सभा बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’ या संघटनेच्या असाव्यात. त्यांच्या भारतातील संकेतस्थळावर शहरानुसार चौकशी करता येते. शिवाय १४४४६ या व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर किंवा तुमच्या डॉक्टरांकडेही विचारता येईल. सभांच्या जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. तो पहिला फोन जड जातो, हे खरे. गंमत अशी की, या संघटनेचा उगमच एका फोनमध्ये आहे. १९३५ साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात उभा होता. शेजारच्या बारकडे पाय वळण्याच्या भीतीने त्याने, आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळावे म्हणून, अनोळखी लोकांना फोन लावले. त्यातून डॉ. बॉब या शल्यचिकित्सकाची गाठ पडली आणि त्या डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, १० जून १९३५, संघटनेचा स्थापना दिवस मानला गेला.

सभा साधारण तास-दीड तासाची असते. प्रार्थना होते, एखादा उतारा वाचला जातो आणि मग ‘मी अमुक, मी मद्यपाशी आहे’ असे म्हणून एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. मध्येच कोणी सल्ला देत नाही वा उलटतपासणी करत नाही. तुम्हाला बोलायचे नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढे पुरते. नाव पुरते, आडनाव लागत नाही. आडनावावरून माणसाची सगळी कुंडली मांडणाऱ्या आपल्या समाजात ही सोय लहान नाही. शुल्क नसते. खर्चासाठी वर्गणी फिरते, पण ती ऐच्छिक असते. सभासदत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरली, तरी संघटना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही.

आता ओळखीच्या माणसाचे. लग्नाच्या पंगतीत निम्मे लोक ओळखीचे निघावेत असे आपले नागपूर, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. परंतु रोज संध्याकाळी वाईन शॉपच्या जाळीसमोर उभे राहताना हीच भीती आड येत नाही, याचाही विचार करावा. खुल्या सभेला नातेवाईक आणि इतर इच्छुकही येऊ शकतात, बंद सभा मात्र दारूचा त्रास असणाऱ्यांपुरतीच असते; तुम्ही बंद सभा कधी असते ते विचारून घ्या. हवे तर सुरुवातीला मानेवाड्यापासून लांबच्या, सदरकडच्या वगैरे एखाद्या समूहाची चौकशी करा. समूहागणिक माणसे आणि वातावरण वेगळे असते, तेव्हा एक सभा रुचली नाही म्हणून सगळ्यांवर काट मारू नये.

पत्नीसाठी अल-अनॉन ही कुटुंबीयांची वेगळी संघटना आहे. १९५१ मध्ये तिची स्थापना करणाऱ्यांत बिल यांच्या पत्नी लोइस होत्या. तुम्ही सभेला जाता की नाही, यावर त्यांचे तिथे जाणे अवलंबून नाही. त्यांनी एक मात्र टाळावे : ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून जेवणात काही मिसळणे. अशा पुड्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असेल आणि त्यावर दारू प्यायली गेली, तर रक्तदाब एकदम उतरून प्राणाशी गाठ पडू शकते. घरात तशी पुडी आलेली असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या.