पॅडच्या पोटात काय आहे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे विक्रीसाठी ‘बायोडिग्रेडेबल’ (मातीत कुजणारे) सॅनिटरी पॅड आले आहेत. पाकिटावर हिरवं पान आहे. पॅड खरंच प्लास्टिकमुक्त आहे का, हे घरी तपासता येईल का? (बचत गट सदस्य, कराड)

बरंचसं तपासता येतं. एक पॅड कात्रीने कापा आणि थर सुटे करा. नेहमीच्या पॅडमध्ये अंगाला लागणारा थर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असतो. त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापूस, त्यात साखरेसारखे बारीक दाणे आणि तळाला पॉलिथिनचा पातळ पापुद्रा.

वरच्या थराचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर पेटवा. सुती असेल तर कागदासारखा जळून मऊ राख होईल. प्लास्टिक असेल तर आक्रसेल, वितळेल आणि गार झाल्यावर कडक मणी उरेल. मधल्या थरावर अर्धा कप पाणी ओता. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा लगदा झाला तर ते दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे समजा. पॅड पातळ असूनही भरपूर शोषतो तो त्यांच्यामुळेच, पण मातीत ते सहजी कुजत नाहीत.

तळाच्या पापुद्र्याला मात्र ही परीक्षा पुरत नाही, कारण मक्याच्या स्टार्चपासून केलेली फिल्मही वितळते. तिथे विक्रेत्याकडून लेखी घ्या : कोणता थर कशाचा, कुजण्याचं प्रमाणपत्र फक्त फिल्मचं की अख्ख्या पॅडचं, आणि ते घरच्या खड्ड्यासाठी आहे की खत कारखान्यासाठी. कारखान्यातला ढीग ५५-६० अंशांवर दिवसच्या दिवस तापत राहतो. परसातला खड्डा तेवढा तापत नाही, म्हणून प्रमाणपत्र खरं असूनही पॅड वर्षभराने जसाच्या तसा निघू शकतो.

‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ हा शब्द दिसला तर जास्तच सावध व्हा. ते साधं प्लास्टिकच असतं, लवकर तुकडे पडावेत म्हणून त्यात रसायन घातलेलं. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून असं प्लास्टिक बाजारात आणायला बंदी केली. आपल्याकडे जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ पॅड याच जातीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची किंमत एक रुपयावर आणली, आणि परवडण्याच्या दृष्टीने ते मोठंच काम झालं. तो जरूर सुचवा, फक्त तुमच्या फलकावर त्याला ‘स्वस्त’ म्हणा, ‘प्लास्टिकमुक्त’ म्हणू नका.

प्रश्न : वसतिगृहातल्या मुलींसाठी कापडी पॅड शिवून घेतले. महिन्याभरात कडेने गळती आणि वास अशा तक्रारी आल्या. मुली पुन्हा विकतच्या पॅडकडे वळल्या. काय चुकलं? (शिक्षिका, जव्हार)

मुलींचं काही चुकलेलं नाही. शिवण आणि पॅड वाळत घालायची दोरी, या दोन गोष्टी पाहा.

नवं सुती कापड आटतं. ते बेतण्याआधी दोनदा धुऊन वाळवलं नसेल तर पॅड आखडतो आणि कडा वळतात. दुसरं म्हणजे, थर सरकू नयेत म्हणून पॅडच्या मधोमध टीप मारतात आणि ती तळाच्या जलरोधक कापडातूनही जाते. सुईच्या भोकांतून ओल खाली उतरते. मधली टीप फक्त शोषणाऱ्या थरांना मारा, तळाचं कापड नंतर जोडा आणि त्याला कडेचीच शिवण द्या. वर मऊ सुती, आत फ्लॅनेलचे चार थर, रात्रीच्या पॅडला सहा. लांबी २४ सेंटिमीटर, रात्रीसाठी ३० आणि पंखांना टिचबटण. हे जलरोधक कापड बहुधा पॉलियुरेथेन चढवलेलं असतं, म्हणजे हाही पॅड शंभर टक्के प्लास्टिकमुक्त नाही. तो वर्षानुवर्षं वापरात राहतो, हा त्याचा फायदा.

वासाचं कारण बहुतेक वेळा अर्धवट वाळणं. दोरी उघड्यावर असली की मुली पॅडवर ओढणी टाकतात किंवा ते गादीखाली ठेवतात. छपराखाली, वारा खेळेल अशी आणि फक्त मुलींचा वावर असेल अशी जागा आधी ठरवा. पॅड आधी गार पाण्यात भिजवायचा, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. मग साबण, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने शोषण घटतं. पावसाळ्यात पॅड दोन दिवस ओलसर राहतो, म्हणून मुलीमागे सहा नव्हे, आठ-दहा धरा. न्हाणीघरात पाणीच नसेल तर कापडी पॅडचा आग्रह धरू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीला दिसत नाही. प्रचारात सगळे कप घ्या म्हणतात. तिला जमेल का? (वाचक, सोलापूर)

जमू शकतं. पाळीचा कप म्हणजे योनीत बसवून रक्त गोळा करणारी लवचिक वाटी. तो बसवणं हे स्पर्शाचंच काम आहे. आत गेल्यावर कपाच्या बुडाभोवती बोट फिरवायचं. घडी लागली तर कप उघडलेला नाही, गोल लागला तर बसला. काढताना नुसती दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबून आधी हवा सोडायची. बारा तासांच्या आत रिकामा करायचा आणि प्रत्येक पाळीआधी पाच-सात मिनिटं उकळायचा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या आढाव्यात साधारण ३,३०० मुली-बायकांच्या अनुभवांचा विचार झाला होता. सरावाला दोन-चार पाळ्या लागतात, असं त्यातूनही दिसतं. गर्भाशयात तांबी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

कप नको असेल तर कापडी पॅड घ्या. हाताला ओळखू यावेत म्हणून दिवसाच्या पॅडला एका टोकाला दोऱ्याची एक गाठ, रात्रीच्याला दोन. धुतलेल्यांना चेनची पिशवी, वापरलेल्यांना नाडीची.

प्रश्न : ग्रामसभेत शाळेसाठी पॅड जाळायचं विजेचं यंत्र मागणार आहोत. ठराव कसा लिहावा? (ग्रामपंचायत सदस्य, संगमेश्वर)

यंत्र तूर्त बाजूला ठेवा. दवाखान्यांतल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कप्प्यात ८०० आणि दुसऱ्यात १,०५० अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं, वर ३० मीटरची चिमणी. शाळेतलं यंत्र म्हणजे भिंतीवरचा छोटा डबा. त्यात ओला पॅड धुमसतो, आणि पॅडमध्ये क्लोरीन असेल तर डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होऊ शकतात. हा धूर वर्गात शिरतो.

ठरावात आधी स्वच्छतागृहात आतून लागणारी कडी, पाणी आणि झाकणाचा डबा मागा. वापरलेला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने आणलेली ही पद्धत फुकटात अमलात येते आणि कचरा हाताळणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडताच कळतं.

मग निवड : पॅड, कापडी पॅड आणि कप, तिन्ही. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ५,००० कप वाटले. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. तिथे कपाबरोबर प्रशिक्षणही दिलं होतं. तेव्हा ठरावात कपांच्या संख्येशेजारीच प्रशिक्षण कोण देणार आणि पुढचे तीन महिने शंका कोणाला विचारायच्या, तेही लिहा. आशाताईंच्या कामात हे घालणार असाल, तर त्यांचा मोबदला आकड्यात मांडा.