जुना लॅपटॉप टाकावा की सुधारावा?

प्रश्न : २०१७ चा लॅपटॉप आहे. आय-५, सातवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. नवा घेऊ का?

उत्तर : घाई करू नका. आधी टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती ताण आहे, हे दाखवणारी विंडोजमधली खिडकी) उघडा. काही काम चालू नसतानाही ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर अडचण प्रोसेसरची नाही, हार्डडिस्कची आहे. फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या छोट्या फायली शोधण्यात तिचा वेळ जातो. तिच्याऐवजी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवा; तिच्यात फिरणारा भागच नसतो.

२.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी घ्या. ५०० जीबी पुरे. एम.२ खाच (पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची जागा) असली तरी तिथे एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकार) चालते की फक्त साटा, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघूनच खरेदी करा. इथे पुष्कळांचे पैसे वाया जातात. रॅम ८ जीबी करा, पण डीडीआर३एल आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळी असते, म्हणून रॅमची जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. लॅपटॉप उघडण्याआधी तो बंद करून चार्जर काढा, उघडल्यावर सर्वांत आधी आतली बॅटरीची जोडणी सोडवा.

डेटाची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवणं). त्यासाठी जुन्या डिस्कवर भरलेली जागा नव्या एसएसडीच्या क्षमतेपेक्षा कमी हवी.

मात्र एक गोष्ट खर्चाआधीच लक्षात घ्या : विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेब एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका. विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तर नवाच घ्या.