वस्तीतील हवा हा आपल्या कामाचा विषय आहे का?

प्रश्न : मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका सामाजिक संस्थेत वस्तीपातळीवर काम करते. शिधापत्रिका, निराधार योजनेचे अर्ज आणि बचत गट हे आमचे नेहमीचे काम आहे. पुनर्वसनाच्या इमारतींत राहायला गेलेल्या महिला मात्र प्रत्येक बैठकीत धाप, डोळ्यांची जळजळ आणि रसायनांचा वास यांविषयीच बोलतात. प्रदूषण हा आपला विषय नाही, असे वरिष्ठ सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : ते योग्य नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच परिसरात आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तेथील कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुल येथे घरे देण्यात आली. पक्क्या भिंती आणि चार भिंतींच्या आतला संडास मिळाल्याने कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. परंतु तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्या तेथून अगदी जवळ आहेत, आणि माहुल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या विशेष न्यायाधिकरणाने, डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. धोका ठाऊक असताना, ज्यांना नकार देण्याची ऐपत नव्हती अशाच माणसांना ती घरे दिली गेली. पर्यावरणीय अन्याय म्हणतात तो हाच. पुढे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना अन्यत्र घर द्यावे, अन्यथा दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. त्याआधी अनेक कुटुंबांनी विद्याविहारला रस्त्यालगत राहून आंदोलन केले होते, हे विसरू नये.

आपण करू शकाल असे सर्वांत मोलाचे काम साधे आहे : तारीखवार नोंदवही ठेवणे. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी त्रास झाला, दवाखान्यात किती पैसे गेले, किती खाडे पडले, हे त्या महिलांच्याच शब्दांत लिहावे आणि केसपेपरची प्रत जोडावी. रोगाचे निदान मात्र आपण करू नये. प्रत्येक खोकला कारखान्यामुळे आहे असे लिहिले, तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. तारखांचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो की, २०१० च्या हरित लवाद कायद्यानुसार पर्यावरणविषयक वादासाठी सहा महिन्यांत आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि ही मुदत दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून मोजली जाते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला भरपाईच्या अर्जाचे शुल्क माफ आहे. लवादाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे.

तक्रार केली तर मिळालेले घर काढून घेतील, ही भीती अनेक घरांत असते आणि ती निराधार नसते. म्हणून कोणाचेही नाव तिच्या संमतीवाचून बाहेर देऊ नये आणि पहिला अर्ज शक्यतो सामूहिक करावा. ज्यांना अजून घराचा ताबा मिळालेला नाही, त्यांच्यासोबत ती जागा आधी पाहून यावी, दिवसा एकदा आणि वारा पडलेल्या रात्री एकदा.

वरिष्ठांशी वाद घालण्याऐवजी तीन महिन्यांनी ही नोंदवही आणि बचत गटाची वही त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवा. औषधांचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी थकलेल्या हप्त्यांशी कशी जोडलेली आहे, ते त्यांना स्वतःला ताडून पाहता येईल.