जुनी जपानी निसर्गचित्रांची काकेजिकु (टांगायची गुंडाळीचित्रं) घ्यायची आहेत. अस्सल कशी ओळखायची?

आधी भिंग घ्या. रंगात सगळीकडे सारखे बारीक ठिपके दिसले तर ती छापील प्रत. हाताने काढलेल्या चित्रात शाई रेशमात किंवा कागदात मुरलेली असते. बांबूच्या पानाच्या टोकाशी कुंचला कसा उचलला तेही कळतं. सही-शिक्क्यापेक्षा माझा या रेघेवर जास्त भरवसा आहे, कारण मारुयामा ओक्योसारख्या (१७३३–१७९५) नामवंत चित्रकारांच्या नावावर नकला भरपूर खपतात. मोठं नाव आणि किरकोळ किंमत असेल तर सोडून द्या. मेइजी काळातली (१८६८–१९१२) फारसं नाव नसलेल्यांची फुला-पक्ष्यांची चित्रं बघा, त्यांत फार सुंदर काम सापडतं.

सोबत किरी (एक हलकं जपानी लाकूड) लाकडाची पेटी असेल तर झाकणावरचा मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या. तो खुद्द चित्रकाराचा असेल तर मोल वाढतं, पण पेट्या बदललेल्याही असतात. खालच्या दांड्याची टोकं हस्तिदंती असतील तर भारतात मागवूच नका, त्याच्या व्यापारावर बंदी आहे.

आणि वर्षभर टांगून ठेवू नका. जपानातही तोकोनोमात (बैठकीतल्या सजावटीच्या कोनाड्यात) ऋतूप्रमाणे चित्र बदलतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती पेटीतच ठेवा, हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी सावलीत उघडून वारा द्या.