भांडण दिल्ली-ओटावाचं, अडकतं तान्हं बाळ

तुम्ही विचारलंय, 'भारताशी असं बिनसलेलं असताना कॅनडाची पीआर (कायम राहण्याची परवानगी) घ्यावी का?' घ्या. पॉइंट, इंग्रजीची परीक्षा वगैरे सरकारी साइटवर आहे. एकटेपणाचंही विचारलंत, पहिला हिवाळा सरला की बोलू.

कॅनडा मधल्या फळीतला देश. सुएझच्या पेचात १९५६ साली कॅनडाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पीअर्सन यांनी शांतिसेना उभी करायला लावली, दुसऱ्या वर्षी नोबेल मिळालं. ती पुण्याई अजून सांगतात. सुरक्षा परिषदेची निवडणूक मात्र कॅनडा २०१० आणि २०२० अशी दोनदा हरला. दिल्लीला झुकवेल असं यांच्या हातात फारसं काही नाही आणि यांचा मसूर, पोटॅश दिल्लीलाही हवंच असतं. मग राग निघतो तो वकिलातीच्या माणसांवर आणि व्हिसावर.

तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो १८ सप्टेंबर २०२३ ला संसदेत बोलले: कॅनडातला खलिस्तानवादी निज्जर याच्या हत्येमागे भारताचा हात असल्याचा आरोप. तीनच दिवसांत भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले. काही प्रकार २६ ऑक्टोबरला सुरू झाले, ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला. ओसीआयवाल्यांना (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, त्यावर व्हिसा लागत नाही) धक्का लागला नाही. अडकायची पाळी आली ती इथला, म्हणजे कॅनडाचा, पासपोर्ट घेऊन ओसीआय 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांवर. आणि इथे जन्मलेल्या बाळांवर: आईवडील भारतीय पासपोर्टवर मोकळे, बाळ मात्र परदेशी!

म्हणून बाळाचा पासपोर्ट हातात पडला की त्याच आठवड्यात ओसीआयचा अर्ज. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला मागवा, छोट्यावर ती नसतात. फोटो २ बाय २ इंच. इथल्या पासपोर्टचा ५० बाय ७० मिमीचा चालत नाही. आईचं एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर मधलं नावच गायब, असं असेल तर निघायच्या आधी निस्तरा. अर्ज अशाच कारणांनी परत येतात, आणि चीड खिडकीतल्या माणसावर निघते, ज्याच्या हातात काहीच नसतं. तुम्ही स्वतः नागरिक झालात, तर आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय.

उलट्या दिशेलाही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाने भारतातून ४१ राजनैतिक अधिकारी परत नेले; व्हिसा खात्याची तिथली माणसं २७ वरून ५ वर आली. बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो) चालू होते, फायली रखडल्या. तेव्हा आईबाबांचा व्हिसा बाळंतपणाच्या तोंडावर नको, तुम्ही इथे स्थिरावलात की लगेच काढा. बायोमेट्रिक्स १० वर्षं चालतात, एक फेरी तरी वाचते.

२०२५ मध्ये दोन्हीकडे पुन्हा उच्चायुक्त नेमले गेले. तरी ओसीआय काढायची वेळ आली की अर्ज त्याच दिवशी भरा.